ढवळलेला डबा

तिला सगळे दारवाली म्हणत. ती फक्त लाकूडकामाला रंग द्यायची. दारं, चौकटी, खिडक्या, कपाटांच्या झडपा. भिंतींना तिने कधी ब्रश लावला नाही, भिंती नवऱ्याच्या. नवरा म्हणायचा, "आमच्यात वाटणी झालेली आहे. भिंती माझ्या, दारं हिची. त्यामुळे घराबाहेर पडायचं तर हिलाच विचारावं लागतं." हा विनोद तो प्रत्येक नव्या घरमालकाला ऐकवी, आणि ती दर वेळी ऐकलंच नाही असं दाखवून चौकट पुसायला घेई.

रंगाच्या एका थराला त्यांच्या धंद्यात हात म्हणतात. तिचं दार म्हणजे आधी घासणं, मग भेगांत आणि खिळ्यांच्या भोकांत लांबीचा लगदा भरणं, पुन्हा घासणं, अस्तराचा हात, तो वाळू देणं, मग रंगाचा पहिला हात, पुन्हा वाळू देणं, हलकंसं घासणं आणि शेवटचा हात. रंग ती पातळ करून घ्यायची आणि ब्रश लाकडावरून इतका लांब ओढायची, की रंग बसतोय की नुसती ओल फिरतेय, असं पाहणाऱ्याला वाटावं. वाळल्यावर मात्र तिरप्या उन्हातही त्या दारावर ब्रशची रेघ सापडत नसे. एका खवट गिऱ्हाइकाने मुद्दाम चष्मा बदलून शोधली होती. त्याला एक मुंगी सापडली, आणि तीही रंगात अडकलेली नव्हती, वरून चालत होती.

तिच्या हाताचा लौकिक होता तसाच जिभेचाही. दुसऱ्या कुणाचं काम पाहताना रंगाचे ओघळ दिसले, की ती विचारायची, "दार रंगवलंय की दाराला सर्दी झालीय?" रंगाच्या दुकानात ती शिरली, की बाकावर बसलेले रंगारी पाय आवरून घेत.

मुलगा बस चालवायचा. रंगाच्या वासाने त्याचं डोकं दुखायचं, म्हणून तो या धंद्यात आला नाही. आली ती सून. लग्नाआधी ती फरशांच्या दुकानात गिऱ्हाइकांना नमुने दाखवायची. बोलण्यात गोड, हिशोबात पक्की. लग्नानंतर काही महिन्यांनी तिने सासूला विचारलं, मी शिकू का. दारवालीने तिच्या हातात पॉलिश पेपर दिला आणि एक जुनं स्टूल पुढे सरकवलं. ते स्टूल किती वेळा घासून घेतलं याची मोजदाद कुणी ठेवली नाही, पण सासरे म्हणायचे की त्याची उंची कमी झालीय. सुनेने तक्रार केली नाही. वर्ष उलटलं तेव्हा तिच्या हाताला वळण आलं होतं, आणि दारवालीने ते शेजारणीला सांगितलं होतं. सुनेला नाही.

मग सुनेला तिचं स्वतःचं पहिलं काम मिळालं. दातांच्या एका डॉक्टरबाईंचा दवाखाना; दोन खोल्या, त्यातलं सगळं लाकूडकाम. काम पसंत पडलं तर डॉक्टरबाई राहतं घरही देणार होत्या, आणि त्यांच्या ओळखीतले आणखी काही दवाखाने होते. घरी जेवताना सुनेने हे सांगितलं, आणि जरा थांबून असंही सांगितलं, की या कामात काय वापरायचं ते तिचं ती ठरवणार आहे. सासऱ्यांनी मान डोलावली. दारवाली म्हणाली, ठरव की.

सुनेने जे ठरवलं ते ऐकून मात्र दारवालीचा घास हातातच राहिला. दवाखाना फक्त शनिवारी दुपारपासून सोमवारी सकाळपर्यंत बंद राहणार होता. तेवढ्यात सगळं उरकायचं म्हणून सून एका हाताचा रंग आणणार होती. दुकानात तो हल्लीच आला होता: अस्तर नको, दुसरा हात नको, एकदा लावला की झालं. रंगाऱ्यांमध्ये त्याचं नाव निघालं की थट्टाच व्हायची.

"एका हातात लाकूड झाकलं जात असेल," दारवाली म्हणाली, "तर मी जन्मभर काय लाकडाशी गप्पा मारत होते?"

सून चिडली नाही. तिने शांतपणे सांगितलं, की दवाखान्याचा जुना रंग फिका मलईसारखा आहे, कुठे पोपडे नाहीत, आणि नवा रंग पांढराच द्यायचाय. फिक्यावर फिका, आणि खालचा धड असेल, तर एक हात पुरतो. आतल्या खोलीत एक गडद तपकिरी कपाट आहे, त्याला ती आधी अस्तर देणारच आहे. हा रंग सगळीकडे चालेल असं तिचं म्हणणं नव्हतं. चालेल तिथे चालेल, एवढंच. दारवालीने हातात राहिलेला घास एकदाचा तोंडात घातला. मी मदतीला येते, ती म्हणाली. पण मुकादम तू.

शनिवारी दुपारी दोघी दवाखान्यात पोचल्या. घासायचं काम दोघींनी मिळून केलं. मग सुनेने आतली खोली घेतली आणि बाहेरची सासूला दिली: प्रवेशाचं दार, खिडकीची चौकट आणि रुग्णाच्या खुर्चीसमोरचं तीन झडपांचं भिंतीतलं कपाट. रंगाचे डबे दोन होते. एक सासूपुढे ठेवून सून क्षणभर घुटमळली. "आई, हा रंग ना..." म्हणाली आणि थांबली.

"काय?"

"काही नाही. लागलं तर हाक मारा."

दारवालीने झाकण उघडलं. आतला रंग रंगासारखा नव्हता. मलमासारखा घट्ट, थरथरणारा. ब्रश टेकवला तर तो तसाच उभा राहिला. तिच्या लगेच लक्षात आलं, किंवा तिला तसं वाटलं: दुकानदाराने पोरीला नवखी पाहून जुना डबा गळ्यात मारलाय.

तिला राग दुकानदाराचा आला आणि सुनेची दया आली. आज हाक मारून हे दाखवावं, तर पोरीचा पहिल्याच कामात हिरमोड. त्यापेक्षा आपण निस्तरावं आणि कधी बोलू नये. तिने पिशवीतून लाकडी पट्टी काढली. डबा उघडला की आधी ढवळायचा, तळ वर आला पाहिजे, हे तिच्या अंगात इतकं मुरलेलं होतं की तो विचार नव्हताच, श्वास होता. ती तळापासून ढवळत राहिली. मग टर्पेंटाईन ओतलं, थोडं थोडं, नेहमीसारखं. गोळा सैल झाला, मग रंग पट्टीवरून धारेने उतरू लागला, तिच्या हाताला ओळखीचा झाला. तिने आतल्या दाराकडे एकदा पाहिलं. सून गुणगुणत होती. दारवालीने ब्रश बुडवला आणि नेहमीसारखा लांब, हलका ओढला. आपण कुणाची तरी चूक पोटात घातली, या समाधानात तिची दुपार फार छान गेली.

रविवारी वास जावा म्हणून खिडक्या उघड्या ठेवल्या होत्या. सोमवारी सकाळी डॉक्टरबाईंचा फोन आला. आवाज चढलेला नव्हता. येऊन जाता का, एवढंच त्यांनी विचारलं.

दोघी गेल्या. डॉक्टरबाईंनी सुनेला रुग्णाच्या खुर्चीवर बसायला सांगितलं, आणि पायाने कळ दाबून खुर्ची मागे टेकवली. "माझे पेशंट असे पडून असतात," त्या म्हणाल्या. "त्यांना काय दिसतं ते बघा."

समोर कपाटाच्या तीन झडपा होत्या. पांढऱ्यातून जुनी मलई पट्ट्यापट्ट्यांनी वर आलेली, चकाकी कुठे आहे कुठे नाही, आणि कोपऱ्यांतून खाली ओघळ उतरून गोठलेले. दारावरही तेच.

"आतल्या खोलीतलं छान आलंय," डॉक्टरबाई म्हणाल्या. "मग इथेच असं का?"

उत्तर दारवालीने दिलं. आत उजेड कमी, तिथे सगळंच छान दिसतं, ती म्हणाली. आणि तिथे न थांबता पुढे म्हणाली, "मी आधीच सांगितलं होतं, बाई. एका हातात लाकूड झाकत नाही. पण हल्ली ऐकतं कोण."

सून अजून खुर्चीवर आडवीच होती. आडवं पडलेल्या माणसाला मान खाली घालता येत नाही. तिने फक्त डोळे सासूकडे वळवले, मग पुन्हा छताकडे. रंग मी निवडला, मी नीट करून देईन, ती म्हणाली. डॉक्टरबाईंनी बरं म्हटलं, आणि घराच्या कामाचं आता नंतर बघू, असंही म्हटलं.

बाहेर आल्यावर दारवालीने सुनेचा कैवार घेतला. डबाच शिळा होता, मी उघडला तेव्हाच पाहिलं, चल त्या दुकानदाराला जाब विचारू. सून नको म्हणत असताना तिने आत जाऊन तिथे राहिलेला डबा पिशवीत घातला आणि तिला जवळजवळ ओढतच नेलं.

दुकानात बाकावर तीन-चार रंगारी होते. त्यांनी पाय आवरले. दारवालीने डबा दुकानदाराच्या पुढ्यात आपटला आणि असला माल पोरीबाळींना विकताना काही वाटत नाही का, असं मोठ्याने विचारलं. दुकानदाराने झाकण काढलं, डबा तिरका केला, नाक जवळ नेलं. मग तो दारवालीशी नाही, सुनेशी बोलला, कारण डबा तिने नेला होता.

"हा ढवळला कुणी? आणि टर्पेंटाईन?" त्याने डबा फिरवून लाल अक्षरांवर बोट ठेवलं. ढवळू नये. पातळ करू नये. "हा मुळात मलमासारखाच येतो, म्हणून एका हातात झाकतो. तुम्ही त्याचं पाणी केलंत. कामं घेता, तर दोन ओळी वाचत जा."

बाकावरून कुणीतरी हलकेच म्हटलं, "दाराला सर्दी झाली वाटतं." हसू पसरलं. दारवालीचं वाक्य होतं ते, आणि ते तिच्या सुनेवर फेकलं गेलं होतं.

दारवालीचे कान गरम झाले. तोंड उघडलं तर काय निघेल हे तिला ठाऊक होतं, म्हणून तिने ते उघडलं नाही. शेजारी सून उभी होती. ती म्हणाली, "माझ्याकडूनच झालं." डबा पिशवीत ठेवला आणि दुकानाची पायरी उतरली. दारवाली तिच्या मागून चालत गेली, दोन पावलं मागे, जशी ती आयुष्यात कुणाच्याच मागे चालली नव्हती.

डबा कुणी ढवळला हे सुनेला कळलंय की नाही, हे दारवालीला कळेना. घरी सासऱ्यांनी विचारलं, तर सून म्हणाली, रंग चुकला. रात्री जेवताना तिने सांगून टाकलं, की आता ती स्वतःची कामं घेणार नाही. फरशांच्या दुकानात जागा आहे का ते विचारणार आहे. नाहीतर आईंच्या हाताखाली आहेच. तिच्या आवाजात रुसवा नव्हता. रुसवा असता तर दारवालीला भांडता तरी आलं असतं.

तो आठवडा तिने चोरासारखा काढला. सून समोर आली की हिला काहीतरी काम आठवे. चहात चमचा फिरवताना मध्येच हात थांबे. दोनदा तिने सांगायचं ठरवलं. एकदा त्याचं "मीठ दे गं" झालं, आणि एकदा तर नुसताच खोकला. सुनेचे ब्रश तिने न सांगता धुवून ठेवले. "राहू द्या, आई," सून म्हणाली, आणि त्या साध्या शब्दांनी तिला जे झालं ते शिव्यांनी झालं नसतं. कुणाला सांगणार? नवऱ्याला सांगावं, तर तो त्याचा विनोद करणार. आणि तिला तर वाटत होतं, की आपण चूक केली ती चालून जाईल. चांगल्या मनानेच केली. पण त्या खुर्चीपाशी आपण बोललो ते कुठल्या मनाने?

शेवटी तिने अर्धा मार्ग काढला. येत्या शनिवारी बाहेरची खोली मी फुकट करून देते, ती म्हणाली, माझ्या पद्धतीने, अस्तर आणि दोन हात. शनिवारी नाही संपलं तर पुढच्या शनिवारी. सून बरं म्हणाली.

शनिवारी दोघी ओघळ खरवडत बसल्या होत्या. डॉक्टरबाई निघायच्या तयारीत होत्या. जाता जाता दारवालीजवळ थांबल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही आहात म्हणून मी निर्धास्त आहे. हिला जरा धाकात ठेवा. अनुभवी माणसाचं ऐकायला हवं ना."

सुनेचा पॉलिश पेपर झडपेवरून फिरत राहिला. एकाच जागी. कानाच्या पाळ्या तेवढ्या लाल झाल्या.

दारवाली उठली. रंग आणते, म्हणाली, आणि पिशवी घेऊन बाहेर पडली.

दुकानात बाकावर तीच मंडळी होती. दुकानदाराने न विचारता तिचा नेहमीचा रंग आणि अस्तर काढून ठेवलं. सूनबाई वाचायला शिकल्या का, असंही विचारलं, तिला खूश करायला.

"तो डबा मी ढवळला होता," दारवाली म्हणाली. "टर्पेंटाईनही मीच घातलं. ती आतल्या खोलीत होती, तिला माहीत नव्हतं. तिच्या हातचं आतलं काम चांगलं आलंय."

बाकावरच्या एकाने हसू दाबलं, ते तिला ऐकू आलं. मग कोपऱ्यातला सगळ्यात जुना रंगारी अडखळत म्हणाला, "पण... ढवळायचा नसतो?"

दुकानदार त्याच्याकडे वळला. "म्हणजे तूही?"

"डबा उघडला की ढवळतातच की."

"म्हणून तुम्ही सगळे येऊन माझ्या रंगाला नावं ठेवता होय."

मग हशा झाला आणि तो तिच्यावरून त्या म्हाताऱ्याकडे गेला. तिला वाटलं होतं, सांगून टाकलं की हलकं वाटेल. तसं काही वाटलं नाही. तिने नेहमीचा रंग परत सरकवला आणि तो एका हाताचा मागितला.

दवाखान्यात परत आली तेव्हा डॉक्टरबाई पायऱ्यांवर फोनवर बोलत होत्या. त्यांचं बोलणं संपेपर्यंत ती खाली उभी राहिली. मग त्यांना आत यायला सांगितलं, सुनेसमोर, आणि डबा मधोमध ठेवला. तेच पुन्हा सांगितलं. या वेळी शब्द जास्त लागले, कारण मध्ये मध्ये तुटत होते.

"हे तुम्ही सोमवारी का नाही बोललात?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"सोमवारी इथे आले तेव्हा मला ठाऊक नव्हतं. दुकानात कळलं." ती थांबली. "मग लाज वाटली."

डॉक्टरबाईंनी फोन पर्समध्ये टाकला. मग सुनेला म्हणाल्या, की तुम्हाला मी त्या खुर्चीवर आडवं करायला नको होतं. आणि गेल्या.

दोघीच उरल्या. सून म्हणाली, "मला माहीत होतं, आई."

"कधीपासून?"

"दुकानात. आपण दोघीच तर होतो इथे."

"मग बोलली का नाहीस?"

"डबा दिला तेव्हाच बोलायला हवं होतं. तोंडावर आलं होतं." सुनेने पॉलिश पेपर घडी करून खिशात ठेवला. "पण डबा कसा उघडायचा, हे मी तुम्हाला कुठल्या तोंडाने सांगायचं?"

दारवालीला यावर रडू आलं असतं, पण समोर काम होतं. ती म्हणाली, "आता सांग."

सुनेने डबा उघडला आणि ढवळला नाही. घट्ट गोळ्यात ब्रश टेकवला, भरून उचलला, झडपेवर ठेवला, थोडा पसरला आणि सोडून दिला. लगेच खालचं काही दिसेना. ती सांगत गेली, आधी चाचरत, मग नेहमीच्या आवाजात. भरून लावा. फार ओढू नका. एकदा लावला की परत त्याच्यावर जाऊ नका. दारवालीने सगळ्यात लहान झडप घेतली. हो हो म्हणत होती, पण हात ऐकत नव्हता. संधी मिळाली की ब्रश आपला लांब निघे, पातळ, तिच्या इतक्या वर्षांच्या सवयीने. सून दोनदा म्हणाली, "आई, ओढताय." तिसऱ्यांदा काही म्हणाली नाही.

रविवारी दुपारी रंग वाळला होता. डॉक्टरबाई स्वतः पाहायला आल्या. दार, चौकट आणि दोन झडपा एकसारख्या पांढऱ्या होत्या. जवळून पाहिलं तर ब्रशच्या रेघा होत्या. दारवालीला त्या दारातूनच दिसल्या. तिच्या स्वतःच्या दारावर अशी रेघ तिने खपवून घेतली नसती. पण लाकूड झाकलं गेलं होतं, आणि ते एका दुपारीत झालं होतं, हेही तिला दिसत होतं.

"छान," डॉक्टरबाई म्हणाल्या. "ही लहान झडप तेवढी जरा..."

मधून मलई डोकावत होती. सून पुढे झाली. ती पुन्हा काहीतरी स्वतःवर घेणार, हे दारवालीला तिच्या खांद्यांवरूनच कळलं.

"ती माझी," दारवाली म्हणाली. "तिला दुसरा हात लागेल. मी देते."

ती डबा घेऊन झडपेसमोर बसली. पाठीमागे डॉक्टरबाई सुनेला घराबद्दल विचारत होत्या, तिथली दारंही याच रंगाने होतील का, कधी येऊन बघाल. सून सांगत होती, की आतली फिकी दारं होतील. गडद असतील तर आधी अस्तर लागेल. आणि बाहेरच्या मोठ्या दाराला हा रंग नको, त्याला ऊन-पाऊस आहे, ते आईंच्या पद्धतीनेच करायचं, वेळ लागला तरी. तिने आईंच्या पद्धतीने म्हटलं, तेव्हा दारवालीची मान आणखी खाली गेली. तिने ब्रश भरून घेतला, झडपेवर ठेवला, आणि आपला उजवा हात डाव्या हाताने मनगटाशी धरून ठेवला, लांब जाऊ नये म्हणून.